दादाच्या नावाने आलेली लग्नपत्रिका

आमच्या नात्यात मला आडमुठी म्हणतात. म्हणोत. मागच्या हिवाळ्यात सख्ख्या भाचीची लग्नपत्रिका उघडायला मी नकार दिला, तेव्हापासून तर हे बिरुद कायमचं चिकटलं, आणि मला त्याचं काडीचंही वाईट वाटत नाही.

पत्रिका ईमेलने आली. पाठवणाऱ्याच्या जागी दादाचं, माझ्या थोरल्या भावाचं नाव. खाली एकच ओळ, 'अगत्य येणेचे करावे', आणि सोबत एक झिप फाईल. ती उघडायला गेले तर वर लाल पट्टी आली: फाईल धोकादायक असू शकते, आणि ही मेल नावातल्या माणसानेच पाठवली आहे याची खात्री होत नाही. शेजारी 'तरीही उघडा' असं बटण. जगातली निम्मी संकटं या 'तरीही'मुळे येतात, असं माझं ठाम मत आहे.

मी मकरपुऱ्यातल्या एका कारखान्यात हिशेब खात्यात काम करते. तिथे एकदा शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी ओळखीचं नाव बघून अशीच फाईल उघडली आणि आठवडाभर अख्ख्या ऑफिसचे कॉम्प्युटर ठप्प झाले. तेव्हापासून माझा एक नियम आहे. पट्टी लाल झाली की ज्याचं नाव आहे त्याला फोन करायचा आणि विचारायचं, तूच पाठवलंस का? मग तो साहेब असो की सख्खा भाऊ.

दादाने फोन उचलला नाही. पुन्हा केला, तरी नाही. मग वहिनींना लावला.

"अगं, लग्नाची कंकोत्री आहे ती," त्या म्हणाल्या. "सगळ्यांनी उघडली. हलणारा गणपती आहे, सनई वाजते. तुझ्याच कॉम्प्युटरला काय धाड भरली?"

"दादाने स्वतः पाठवली का?"

"त्यांना कुठला वेळ? घडियाळी पोळमधल्या दुकानवाल्याला पत्ते दिले, त्याने यांच्या नावाने सगळ्यांना पाठवून दिली. जवा दे ने, सोड ना, उघडून टाक."

म्हणजे कॉम्प्युटर खरं तेच सांगत होता. नाव दादाचं आणि पाठवणारा भलताच. वर मलाच सांगतात, तरीही उघड.

या भाचीच्या बारशाला तिच्या कानात तिचं नाव सांगितलं ते मी, तिच्या आत्याने. आठवडाभर विचार करून ते नाव मीच शोधलं होतं. तिच्या लग्नाचं बोलावणं मला दुकानवाल्याने करावं? आमच्याकडे पहिली पत्रिका देवापुढे ठेवतात आणि मग घरच्या माणसांना हातावर अक्षता देऊन बोलावतात. दादा निजामपुऱ्यात राहतो, मी खंडेराव मार्केटच्या मागे. एकाच गावात आहोत, स्कूटर त्याच्या दारात उभी असते. पण आई गेल्यापासून तो माझ्या घरची वाट विसरला होता. मोबाईलवर गुलाबाची फुलं मात्र रोज सकाळी न चुकता यायची.

मला राग आला होता आणि रडूही येत होतं. तरी आवाज चढू न देता म्हटलं, "दादाला सांगा, मला पत्रिका मिळालेली नाही. तो स्वतः बोलावणार नसेल तर मी लग्नाला येणार नाही."

बोलताना जीव तुटत होता. त्या पोरीच्या डोक्यावर अक्षता पडताना मी तिथे नसेन, ही कल्पनाच सहन होत नव्हती. पण बोलले ते बोलले. नात्यातल्या ग्रुपवर माझी यथेच्छ टर उडाली. आमंत्रणाला पोलीस बंदोबस्त पाठवू का, असंही कोणी विचारून घेतलं. भाचीसाठी घेतलेली साडी कपाटात होती. रोज कपाट उघडलं की ती दिसायची आणि रोज मी दार आपटून लावायची.

एका रविवारी सकाळी दादा आला. हातात हेल्मेट, तोंड फुगलेलं.

"आपले पणजोबा संस्थानच्या फौजेत, देवडीवर पहाऱ्याला होते," आत येता येता तो म्हणाला. "त्यांची नोकरी तू अजून सोडली नाहीस."

"नुसत्या नावावर त्यांनीही कोणाला आत सोडलं नसेल."

"एक बटण दाबायचं होतं फक्त."

"मी फोन केला होता, दादा. दोनदा. तू उचलला नाहीस."

त्याने हेल्मेट खाली ठेवलं. मी चहा ठेवला. त्याने कप अर्धा केला, मग खिशातून कागदाची पुडी काढली, माझ्या तळहातावर अक्षता ठेवल्या आणि वर छापील पत्रिका दिली.

"आई नाही," तो म्हणाला. "तू तरी ये."

लग्नाच्या दिवशी मी सगळ्यांच्या आधी हॉलवर हजर होते. ती फाईल मात्र उघडली नाही ती नाहीच. कसा हलतो तो गणपती, मला ठाऊक नाही.

आता साधा फोटो पाठवायचा असला तरी दादा आधी फोन करतो. "मीच पाठवतोय," म्हणतो, "उघड." मग आम्ही इकडचं तिकडचं बोलत बसतो. वहिनींना ही सगळी कटकट वाटते. वाटू दे. लाल पट्टी आली नाही तरी त्याच्या फोनशिवाय मी काहीएक उघडत नाही.