ओवाळणीचा मोबाईल

ती दुपार डोक्यातून जात नाही. आठवली की निवृत्तीनंतरही माझे हात शिवशिवतात.

त्याआधी काही दिवस कुरुंदवाडकडच्या एका व्यापारी घरातली मुलगी नवऱ्याला घेऊन माझ्या पोलीस ठाण्यात आली होती. दोघेही सज्ञान, लग्न नोंदणी करून केलेलं. घरच्यांनी ती हरवल्याची तक्रार दिली होती. तिचा जबाब घेऊन मी ती निकाली काढली. तिने एकच गोष्ट मागितली, की फुलेवाडीतल्या खोलीचा पत्ता घरी कळू नये. थोरल्या भावाने दोघांना तोडायची भाषा केली होती. पत्ता मला आणि जबाब लिहून घेणाऱ्या महिला हवालदाराला ठाऊक होता. ठाण्यात तिसऱ्या कुणाला नाही.

त्या दुपारी फुलेवाडीतल्या चहावाल्याचा फोन आला. हा माझा जुना खबऱ्या. म्हणाला, "साहेब, चौघं पावणं जीप लावून बसल्यात. चहावर चहा चाललाय, पण उठायचं नाव न्हाई. सारखं समोरच्या वरच्या खिडकीकडं बघत्यात."

खिडकी कुणाची हे त्याला माहीत नव्हतं. मला होतं. आम्ही पोहोचलो तेव्हा थोरला भाऊ निम्मा जिना चढला होता, शर्टाच्या आत कोयता होता. वर पोरीने आतून कडी घालून दाराला कॉट लावली होती.

चौघांना ठाण्यात आणलं. वरिष्ठांना कळवलं तर त्यांचा पहिला प्रश्न महिला हवालदाराबद्दल. "बाईनं किती घेतले?" संध्याकाळी तिच्या नावाने खुलाशाची नोटीसही आली. मी शिपाई म्हणून भरती झालो आणि खात्याच्या परीक्षा देत वर आलो. खालच्या माणसावर बोट ठेवणं किती स्वस्त असतं, हे मला कुणी शिकवायला नको.

भावाची चौकशी मी स्वतः केली. मारलं की माणूस आपल्याला हवं ते बोलतो, खरं बोलेलच असं नाही. त्याला चहा दिला, दुकान कसं चाललंय विचारलं आणि सहज म्हणालो, पत्ता विकणाऱ्याने तुला चांगलंच लुटलं असणार. व्यापाऱ्याच्या पोराला ते झोंबलं.

"कोण लुटतंय मला? फुकट आला की मोबाईलवर."

वडिलांचा फोन त्याच्याच खिशात होता. किराणा घरपोच देणाऱ्या एका ॲपचा संदेश त्याने दाखवला. 'तुमच्या कुटुंबातील सदस्याने नव्या पत्त्यावर ऑर्डर दिली आहे. हा पत्ता जोडायचा का?' खाली खोलीचा पूर्ण पत्ता, मजल्यासकट.

मुलगी बेसावध नव्हती. तिने सिमकार्ड बदललं होतं, ॲपवर नवं खातं उघडलं होतं. हँडसेट मात्र जुनाच. तो का नाही बदललास, असं विचारल्यावर ती खाली बघत म्हणाली, "दादानं भाऊबीजेला घातलेली ओवाळणी हाय, साहेब. टाकवंना."

ॲपने हँडसेट ओळखला, त्यावरून तिला ओळखलं आणि न विचारता घरच्या खात्याला परत जोडून टाकलं.

मी कंपनीच्या कार्यालयात गेलो. मालक तिशीतला, गोड बोलणारा. ग्राहकाची माहिती गोपनीय असते, वकिलांमार्फत या, म्हणाला. मी विचारलं, "आणि भावाला दिलीत ती?"

"सर, ती माहिती देणं नव्हे, ती सेवा आहे. ग्राहकाला ओळखलं तरच सेवा देता येते."

पुढे मी जे बोललो ते छापण्यासारखं नाही.

पण मी मंडईत भाजी विकणाऱ्या बाईचा पोरगा. तीन मागावेत, तेव्हा एक पदरात पडतं. असले संदेश सगळ्यांसाठी बंद करा, मुलीची माफी मागा, घडलं ते लेखी द्या. दोन सोडले आणि लेखी जबाब घेऊनच उठलो. त्या कागदाच्या जोरावर माझ्या हवालदाराची नोटीस मागे घ्यायला लावली. माफीच्या जागी कंपनीने मुलीला पुढच्या खरेदीवर सवलतीचं कूपन पाठवलं. पोरीच्या जिवाचा त्यांनी लावलेला भाव हा. वर माझ्या भाषेबद्दल तक्रार केली. खुलासा मला लिहावा लागला. भाऊ आरोपी झाला, दोषारोपपत्रात कंपनी नुसती साक्षीदार.

नोकरीभर मी खबरे सांभाळले. त्यांतले निम्मे चोर होते. पण आपल्या बातमीने कुणाचा जीव जाईल, एवढं त्यांना कळायचं. त्या चहावाल्याला पोरीचं नावसुद्धा ठाऊक नव्हतं, फक्त चौघांची नजर कळली. ॲपला ती कुठलं तेल लावते इथपर्यंत ठाऊक होतं. त्यातून मी एवढंच शिकलो, की आपल्याला ओळखणारा प्रत्येक जण आपला नसतो, आणि जो फुकट ओळख ठेवतो त्याच्याशी आधी भाव करावा.

हँडसेट पुराव्यात लागणार होता. मुलीने तो स्वतः आणून टेबलावर ठेवला, पदराने एकदा पुसला आणि हात मागे घेतला. पंचनामा लिहीत असतानाच पडदा उजळला. त्याच ॲपचा संदेश. 'बरेच दिवस दिसला नाहीत. कुठे आहात?'

दोन्ही पंच माझ्याकडे बघू लागले. मी हँडसेट बंद केला, पाकिटात घातला आणि लाखेचं सील माझ्या हाताने लावलं.