प्रल्हादभाऊंची लाल रेघ

प्रल्हादभाऊ गेल्याचा फोन आला, तेव्हा मी केनवडच्या बाजारात उभा राहून भाजीवालीला माझ्या वावरातली वांगी किती सरस असतात ते सांगत होतो… आणि तिचीच वांगी विकत घेत होतो. भाऊंनी पाहिलं असतं तर हसून हसून त्यांना ठसका लागला असता. या गोष्टीला आता सव्वा महिना झाला.

वाशीमच्या कोर्टाबाहेर भाऊ अर्ज टाइप करून देत. आमची गाठ पडली लेकीच्या भानगडीत. ती माहेरी, इंझोरीला आलेली. आणि सहा वर्षांच्या नातीच्या ताब्यासाठी जावयानं केस टाकलेली सुरतेत! दर तारखेला पोरीला घेऊन परराज्यात जायचं. पोर गाडीत ओकायची, शाळा बुडायची. एक तारीख चुकली तर लेकरू हातचं जाईल, या धाकानं लेक वाळत चालली होती. मी मात्र घरची तूरडाळ बांधून सुरतेच्या जजसाहेबांनाच विनवायला निघालो होतो.

"डाळ घरी ने," भाऊ म्हणाले. "दुसऱ्या राज्यातली केस इकडं आनाची तं दिल्लीच्या सुप्रीम कोर्टात अर्ज लागते. तिथल्या वकिलासाठी पोरीची अडचन लिहून आन."

दोन दिवस खपून मी चार पानं लिहिली. भाऊंनी वाचली अन् चष्मा कपाळावर ढकलला.

"काहून रे, सोयरीक जमवून राह्यला का? सोळा एकर ओलीत, दारात गाडी, चार भाऊ पाठीशी… जज म्हनीन, मंग पाठवा गाडीनं सुरतेले!"

"मंग का लिहू, भाऊ? लेक उघड्यावर पडली म्हनू? लोक का म्हनतीन?"

"मागच्या तारखेले कोनता भाऊ गेलता संगं?"

एकही नव्हता. मीसुद्धा नव्हतो, माझा गुडघा ऐन तारखेलाच दुखायचा.

"इज्जत तुही, चकरा पोरीच्या," म्हणत त्यांनी लाल पेनानं एकर, गाडी, भाऊ सगळं खोडलं. मग लेकीला समोर बसवून ती सांगेल तेवढंच टाइप केलं. एक पान भरलं. तेवढ्यावर केस वाशीमला आली, आणि पुढं नातही आमच्याकडेच राहिली. तारखेच्या दिवशी ती भाऊंच्या स्टुलावर बसून त्यांच्याच लाल पेनानं चित्रं काढायची. शेवटी तो पेन त्यांनी तिलाच देऊन टाकला.

काल हा लेख तिला वाचून दाखवला. आता चौथीत आहे. पहिल्या मसुद्यात, दिल्लीला लेकीसोबत मी गेलो होतो, असं एक वाक्य आपोआप आलं होतं…

"आबा, तिथं तं आई एकटीच गेलती ना?" एवढं म्हणून तिनं दप्तरातून लाल पेन काढला.