निवडून न आलेल्यांच्या जाधव मॅडम

जाधव मॅडम गेल्याचा फोन आला तेव्हा मी फुलंब्रीला एका सत्काराला बसलो होतो. कुठल्याशा संस्थेचे अध्यक्ष पुन्हा एकदा बिनविरोध निवडून आले होते. साहेबांपुढे उभं राहायची कुणाची हिंमतच झाली नाही, असं वक्ते अभिमानानं सांगत होते आणि ज्यांची हिंमत झाली नव्हती तेच टाळ्या वाजवत होते. मी उठून बाहेर आलो. ही बातमी ऐकायला मॅडमनी माझ्यासाठी याहून विनोदी जागा निवडली नसती...

मॅडम वैजापूरच्या, शेतकरी घरातल्या. आम्हाला कॉलेजात राज्यशास्त्र शिकवायच्या. पहिली लोकसभा हा त्यांचा जन्माचा विषय. पण त्यातल्या थोर नेत्यांकडे त्यांचं फारसं लक्ष नसे. त्यांना ओढ होती ती पहिल्या सभागृहात बसलेल्या आणि दुसऱ्यात न दिसलेल्या सभासदांची. असे पुष्कळ होते. कुणाला तिकीट मिळालं नाही, कुणी पडलं, कुणी आपणहून थांबलं. सहकारी हसायचे, "अहो, पडलेल्यांचा कसला अभ्यास करता?" मॅडम म्हणायच्या, "खुर्चीवर बसणं सुलतानालाही जमत होतं. मतं मोजल्यावर उठून घरी जाणं, ही नवी गोष्ट होती." आमच्या शहरानं तख्तं बरीच पाहिली आहेत, त्यांवरून उठून कुणी मुकाट घरी गेल्याचं मात्र ऐकिवात नाही. तेव्हा मुद्दा आम्हाला लगेच पटला.

या माणसांना शोधत त्या एसटीनं गावोगाव फिरल्या. एका म्हाताऱ्या माजी खासदाराला त्यांनी विचारलं, "निकालाच्या दुसऱ्या दिवशी काय केलंत?" तो म्हणाला, "काय करणार? म्हशीची धार काढली. मी पडलो म्हणून म्हैस थांबती व्हय?" हे उत्तर त्या वर्गात राज्यघटनेतलं कलम वाचावं तशा गंभीरपणे ऐकवत.

निवृत्तीनंतर त्यांनी आपला विषय आमच्या वसाहतीच्या वाचनालयात आणला. तिथं अण्णा अध्यक्ष होते. कधीपासून, ते अण्णांनाही आठवत नव्हतं. दरवेळी बिनविरोध, दरवेळी शाल-श्रीफळ, आणि त्या समारंभाच्या खर्चामुळे नवी पुस्तकं पुढच्या वर्षी. मॅडमनी त्यांच्याविरुद्ध अर्ज भरला तेव्हा वसाहतीत कुणीतरी वारल्यासारखी शांतता पसरली. मंडळी समजूत घालायला आली. "मॅडम, घरचीच संस्था हाय. उगं विरोध कशाला?" मॅडम म्हणाल्या, "घरातही भाजी कुठली करायची ते विचारतात." मतदान झालं, मॅडम थोडक्या मतांनी निवडून आल्या. अण्णांनी वाचनालयाच्या रस्त्यानं जाणंच सोडलं. दूध आणायलासुद्धा ते वळसा घालून जात.

खरी अडचण पुढे आली. मॅडमची मुदत संपली आणि तीच मंडळी हसतमुखानं परत आली. "आता कायम तुम्हीच. बिनविरोध!" शालही आणून ठेवली होती. मी मॅडमना इतकं घाबरलेलं कधी पाहिलं नव्हतं. आयुष्यभर ज्याच्यावर टीका केली, तेच त्यांच्या खांद्यावर पडणार होतं. कुणीच अर्ज भरेना. शेवटी त्या मला घेऊन अण्णांकडे गेल्या.

अण्णा झोपाळ्यावर होते. "मजा बघायला आलात व्हय?"

"नाय. तुम्ही अर्ज भरा, म्हणून आले."

"पुन्हा पाडायला?"

"जमलं तर. नायतर तुम्ही मला पाडा. पण माझ्यापुढं कुणीतरी पाहिजे ना, अण्णा."

"लोक हसतील."

आतून अण्णांच्या बायकोचा, काकूंचा आवाज आला, "भरा की! दिवसभर माझ्या आमटीत मीठ मोजत बसता, त्यापरीस बरं."

अण्णांनी अर्ज भरला, आणि काय सांगू, जिंकले! मॅडम पडल्या. इतका आनंदी पराभव मी पाहिलेला नाही. संध्याकाळी त्या पेढ्यांचा पुडा घेऊन दारोदार फिरल्या. "कशाचे?" असं विचारलं की म्हणायच्या, "पडल्याचे. घ्या, ताजे आहेत." अण्णांना त्यांनी स्वतःच्या हातानं दोन भरवले. तेव्हापासून आमच्याकडे निवडणूक होतेच. पुढच्या वेळी अण्णाही पडले. आता अध्यक्ष आहे ती बजाजनगरची वैशाली. कंपनीतली ड्यूटी संपवून ती थेट वाचनालयात येते आणि कपाटात नवी पुस्तकं दिसतात.

मागच्या आठवड्यात शोकसभा झाली. अण्णांनी ठराव मांडला, की वाचनकक्षाला मॅडमचं नाव कायमचं द्यावं. असा ठराव आपल्याकडे सर्वानुमतेच होतो. माणूस गेल्यावर हात कोण वर करणार? वैशालीनं रीतीप्रमाणे विचारलं, "कुणाचा विरोध?"

काकूंनी हात वर केला.

"अगं..." अण्णा पुटपुटले.

"कायमचं काही नको म्हणायच्या त्या," काकू म्हणाल्या. "मी त्यांचं ऐकते. तुमचं घरी ऐकते तेवढं पुरे."

मग माझा हात वर गेला, मग मागच्या रांगेतले एकेक. वैशालीनं मोजले आणि ठराव फेटाळल्याचं जाहीर केलं. कुणी उठून गेलं नाही, कुणी रुसलं नाही. अण्णा काकूंकडे वळून म्हणाले, "घरातलंच मत फुटलं," आणि डोळे पुसतापुसता हसायला लागले.

सभा संपल्यावर लोक चहाकडे वळले. अण्णा वाचनकक्षात गेले, खिडकीजवळची खुर्ची त्यांनी ओढली, चष्मा चढवला आणि पेपर उघडून बसले. दारावर कुणाचंच नाव नाही. मी बराच वेळ बाहेरून बघत होतो. नुकताच पडलेला एक माणूस आत निवांत अग्रलेख वाचत होता.