आत घेतलेल्या शिवणी

मास्तरांच्या अंगावर ढगळ कपडा कुणी कधी पाहिला नव्हता. शिंपीच गबाळा दिसला, तर गिऱ्हाईक उंबरा कशाला चढेल, असं ते म्हणत. त्यामुळे पँट कमरेत सरकू लागली तेव्हा त्यांनी दुपारच्या निवांत वेळी ती उसवली, थोडी आत घेतली आणि घातली. काही आठवड्यांनी पुन्हा घेतली. मग सदऱ्याचे खांदे, मग कॉलर. हाताला इतकी सवय, की हात काय करतोय ते डोक्यापर्यंत पोचलंच नाही.

बायकोला दिसे ते एवढंच, की ताटात अन्न उरतं.

"माझ्या हाताची चव गेली वाटतं?"

"होती कधी?" ते म्हणत. ती तोंड वाकडं करून ताट उचली.

पोट जड वाटतं म्हणून ते कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडे गेले. तिथला वजनकाटा बंद होता.

"कपडे सैल होतात का?" डॉक्टरांनी मान खाली घालूनच विचारलं.

"छे! बघा की, मापात आहेत." सांगताना मास्तरांना जरा अभिमानच वाटला. पित्ताच्या गोळ्या घेऊन ते परतले आणि उन्हाळाभर त्या गिळत राहिले.

मग बऱ्याच दिवसांनी थोरली बहीण आली, ती दारातच थबकली.

"अरे मेल्या, हे काय ध्यान! वाळून कोळ झालास की!"

"ताई, चष्मा बदल तुझा."

तिनं त्यांचं मनगट धरलं. तिची बोटं मनगटाभोवती फिरून एकमेकांवर चढली. बायको स्वयंपाकघराच्या दारातून बघत होती. तिच्या हातातली पळी तशीच राहिली.

मोठ्या रुग्णालयात तपासण्या सुरू झाल्या. साखर ठीक. थायरॉईड ठीक. छातीचा फोटो स्वच्छ. दर कागदागणिक बायकोचा चेहरा उजळे. मग घशातून दुर्बीण घातली, पोटाचा स्कॅन झाला, आणि डॉक्टरीणबाईंनी दोघांना बसवून घेतलं.

"जठरात गाठ आहे. यकृतापर्यंत पसरलीय. ऑपरेशनची वेळ गेली. सलाइनमधून औषध देता येईल, आयुष्य थोडं लांबेल. पण ते झेपायला अंगात ताकद हवी." मग त्यांनी विचारलं, "इतके कपडे सैल झाले असतील, कुणाच्याच लक्षात नाही आलं?"

"सैल नव्हते हो, अगदी..." बायको बोलता बोलता मास्तरांच्या सदऱ्याकडे बघू लागली.

"मी आत घेत होतो," मास्तर म्हणाले.

नाकातून नळी घालून पातळ अन्न सुरू झालं. पहिले काही दिवस मास्तर हुरूपात होते. नळीकडे बोट दाखवून बायकोला म्हणाले, "तुझ्यापेक्षा बरा स्वयंपाक." पण अन्न पोटात ठरेना, ओकारी येई. वजन वाढायचं राहिलं बाजूला, काटा खालीच जात राहिला.

"ते सलाइनमधलं औषध आता नको," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "त्यानंच जातील. दुखणं कमी राहील एवढं बघू. घरी न्या."

"उद्या परत वजन करून बघा ना," बायको म्हणाली. बाईंनी घरी सोडण्याच्या कागदावर सही केली.

लिफ्ट बंद होती. जिन्यावर मास्तरांनी बायकोच्या खांद्यावर हात ठेवला, आणि दोघं एकेक पायरी उतरू लागली. मध्येच ती थांबली.

"संकोच कसला करता? टाका ना सगळा भार."

"टाकलाय," मास्तर म्हणाले.