हौसाबाईंचं फडकं आणि कोलशेतचा सर्व्हर

बाळकुमच्या काळुराम भोईरला कुठलंही यंत्र उघडायची घाई नसे. ठाण्यात ज्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात तो शिकला, तिथल्या मालकाने पहिले तीन महिने त्याच्या हातात पेचकसच दिला नव्हता. ‘‘आधी गिऱ्हाइकाला विचार. कधी बिघडतो, लावल्यावर किती वेळाने बिघडतो? लिही.’’ पुढे डोंबिवलीत कोर्स करून काळुराम कॉम्प्युटर दुरुस्तीत शिरला, पण खिशातली छोटी वही काही सुटली नाही.

कोलशेतच्या रंगांच्या कारखान्यात मात्र तो ही सवय विसरला होता, आणि तेच त्याला आता टोचत होतं.

१९९५ सालच्या नोव्हेंबरातली गोष्ट. कारखान्याच्या ऑफिसात दहा कॉम्प्युटर एका सर्व्हरला जोडलेले होते. तो बंद पडला की दहाही जण हातावर हात ठेवून बसत. तीन आठवडे तो रोज सकाळी, नऊला सुरू केल्यावर पाऊण तासाच्या आतच बंद पडत होता. नेमकी तीच वेळ हौसाबाईंची त्या खोलीतली लादी पुसायची. काळुराम दोनदा येऊन गेला होता, दोन्ही वेळा दुपारी, घाईत. प्लग बदलला, मेमरीचे पट्टे काढून त्यांच्या कडा पेन्सिलीच्या खोडरबराने घासल्या, आणि निघताना मॅनेजर कारखानीस साहेबांनी ‘‘आत पाणी गेलं तर असं होईल का हो?’’ असं विचारलं तेव्हा ‘‘होऊ शकतं’’ म्हणाला.

त्या दोन शब्दांनी घात केला. सोमवारपासून हौसाबाईंनी येऊ नये, असं ठरलं. चौदा वर्षं त्या तिथे झाडलोट करत होत्या. घरी नातवंडं होती, कमावणारं दुसरं कुणी नव्हतं. काळुरामला हे कळलं ते गावातच, कारण हौसाबाईही बाळकुमच्याच.

शनिवारी तो सकाळी पावणेनऊलाच हजर झाला.

‘‘कालू, तू तरी सांग यांना,’’ हौसाबाई दारातच म्हणाल्या. ‘‘फडका पिलून पिलून हात दुखतान माजे. पानी कुठना जाईल आत?’’

‘‘काकी, आज लादी पुसू नका. इथे बाकावर बसा, मला दिसाल अशा.’’

‘‘गावची म्हणून वाचवताय का?’’ कारखानीस साहेबांनी हसत विचारलं. माणूस वाईट नव्हता, पण त्या हसण्यात थोडा संशय होता.

‘‘साहेब, तुम्हीच घड्याळ बघा. मी नुसता बसतो.’’

नऊला मशीन सुरू झालं. लादी कोरडी, हौसाबाई बाकावर. नऊ एक्केचाळीसला पडदा काळा झाला.

काळुरामचा जीव जरासा हलका झाला, पण साहेब ऐकेनात. ‘‘कालची ओल राहिली असेल. उत्तरा रोज झाकण उघडून ठेवते तेव्हा कुठे संध्याकाळपर्यंत चालतो. पाणी वाळतं म्हणूनच ना?’’

‘‘झाकण उघडून?’’ काळुरामने उत्तराकडे वळून विचारलं. उत्तरा तिथली ऑपरेटर, बोलायला चटपटीत.

‘‘हो ना. बंद पडला की मी झाकण काढते, एसी फुल करते. मग काही प्रॉब्लेम नाही. संध्याकाळी साहेब परत लावतात, धूळ जाते म्हणून.’’

काळुरामने वहीत लिहिलं. झाकण काढल्यावर ओल वाळते, तशी उष्णताही बाहेर पडते. औषध बरोबर होतं, रोग भलताच धरला होता. त्याने दुपारी दोनदा तपासलं तेव्हाही झाकण उघडंच होतं, आपल्यासाठीच काढलं असेल असं त्याला वाटलं होतं; मशीन बिघडणार कसं?

‘‘आता झाकण लावूनच ठेवू. अकरापर्यंत थंड होऊ दे.’’

अकराला पुन्हा बटण दाबलं. साहेब स्वतः खुर्ची ओढून बसले. अकरा अडतीसला मशीन पुन्हा गेलं. ओल असती तर बंद झाकणात ती वाळली नसती आणि मशीन अकराला सुरूच झालं नसतं; ओलीचं नाव काढायला आता जागा नव्हती.

काळुरामने डब्याच्या मागच्या बाजूला तळहात धरला. तिथून गरम वारा यायला हवा होता; काहीच येत नव्हतं. वायर काढून, थोडं थांबून त्याने वीजपुरवठ्याची पेटी उघडली. आतला पंखा बोटाने ढकलला तरी हलेना. पात्यांवर काळा, चिकट थर बसला होता. त्याने नाक जवळ नेलं, आणि नकळत वर पाहिलं.

सर्व्हरच्या डोक्यावर फळी होती आणि फळीवर दत्ताची तसबीर. या खोलीत चपला काढूनच यायचं, म्हणून ऑफिसातली सर्वांत स्वच्छ जागा हीच, असं म्हणून साहेबांनीच तीन वर्षांपूर्वी देव इथे आणले होते. रोज सकाळ-संध्याकाळ दोन-दोन उदबत्त्या ते स्वतः लावत.

आता हे सांगायचं कसं? काळुरामने पंखा कागदावर ठेवून साहेबांपुढे धरला. ‘‘जरा वास घ्या, साहेब.’’

कारखानीसांनी वास घेतला. चष्मा काढला, पुन्हा घातला. ‘‘चंदन,’’ ते हळूच म्हणाले.

उत्तरा खिडकीबाहेर बघू लागली. हसू दाबताना तिचे खांदे हलत होते.

‘‘देवांना दुसरी जागा द्यावी लागेल,’’ काळुराम म्हणाला. ‘‘आणि साहेब, पाण्याचं मीच नीट न बघता बोललो होतो. माझीही चूक आहे.’’

साहेब उठले ते थेट बाकाकडे गेले. सगळं ऑफिस ऐकत होतं. ‘‘हौसाबाई, तुमचं काही नव्हतं. माझ्याच उदबत्त्यांनी मशीन गुदमरलं. सोमवारी या.’’

हौसाबाई उठायला गेल्या आणि परत बाकावरच बसल्या. ‘‘तीन हप्तं मना झोप नाय, साहेब,’’ एवढंच म्हणाल्या.

काळुरामने पंखा स्पिरिटने पुसला, तेलाचा थेंब सोडला. झाकण बंद ठेवून मशीन पाच वाजेपर्यंत विनातक्रार चाललं. सोमवारी नवा पंखा बसवायचं ठरलं.

संध्याकाळी दोघं बाळकुमपर्यंत चालतच आली. हौसाबाई वाटभर बोलत होत्या: सुनेने जवळा कसा खारट केला, धाकटा नातू शाळेत कुणाला चावला, शेजारच्या तुळसाच्या लग्नात कोण कोण रुसलं. सर्व्हरचं नाव त्यांनी एकदाही काढलं नाही. काळुराम नुसता ‘‘हो काकी, हो काकी’’ करत चालला होता आणि घर आलं तरी त्याला थांबावंसं वाटत नव्हतं.