खिडकीतलं धान

लढाईच्या दिवसांत आमचे आबा पलटणीत होते. एका वर्षी ते रजेवर आले ते नेमके घट बसायच्या आदल्या दिवशी. पण रजा संपत होती सातव्या माळेला. दसऱ्याला घट उठला, की त्यातलं कोवळं धान बापाच्या टोपीत खोवायचा मान आमच्याकडे लेकीचा. म्हणजे माझा. मी हटूनच बसले.

"सातव्या माळेला थोडं काढून घिऊ की," मी आईला म्हटलं.

"घट उठल्याबिगर हात लावायचा न्हाई." देवाच्या बाबतीत आई कुणाचंच ऐकत नसे, आबांचंही नाही.

आबा हसले. "मग आपलं आपुन उगवू, पोरी."

त्यांनी चीर गेलेली कंदिलाची काच शोधली. आत ओल्या टिपकागदाची गुंडाळी बसवली, कागद आणि काच यांच्यामध्ये घटासाठी भिजवलेल्यातलेच थोडे गहू सरकवले आणि काच पाण्याच्या ताटलीत उभी करून खिडकीत ठेवली. मातीत एरवी लपूनछपून चालतं ते आता उघड दिसू लागलं. आधी पांढरं मूळ खाली निघालं, मग कोंब वर. मी जेवायचं ताटही तिथंच मागायची.

पण माझं धान बुटकं निघालं. देवघराच्या अंधारात घटाचं वीतभर झालेलं, माझं जेमतेम बोटभर. आबा निघायच्या सकाळी मी काच धान्याच्या कणगीमागं दडवली आणि रडत बसले.

आबांनी ती हुडकून काढली आणि घटाशेजारी धरली. "नीट बघ. ते पिवळं हाय. उजेड हुडकत नुसतं वर पळालंय. तुझ्याला उजेड गावला, म्हणून ते हिरवंगार हाय. लाव आता." त्यांनी खाकी टोपी घातलेलं डोकं माझ्यापुढं वाकवलं.

लोणंद स्टेशनावर गाडीत चढण्याआधी त्यांनी ते धान टोपीतनं काढून छातीवरच्या खिशात ठेवलं. साहेब रागावला असता. मला वाईट वाटलं नाही.

दसऱ्याला आईनं घटातलं धान सगळ्यांना वाटलं. मग खिडकीतल्या काचेत उरलेलं तिनं हलक्या हातानं काढलं आणि खुंटीवरच्या आबांच्या घरच्या टोपीत खोवलं.

"आई, ते घटातलं न्हाई," मी म्हटलं.

"असू दे," आई म्हणाली. "त्येंनी लावल्यालं हाय."