जटायूचा तिसरा पंख

आमच्या सासऱ्यांना पाठीवर तिसरा पंख फुटला तो रामनवमीच्या संध्याकाळी, सोसायटीच्या पार्किंगमध्ये, सगळ्यांच्या देखत. त्याला कारण मी.

सासऱ्यांना आम्ही अप्पा म्हणतो. अख्खी नोकरी त्यांनी वीज मंडळात लाइनमन म्हणून केली. त्यामुळे आमच्या पाथर्डी फाट्याच्या सोसायटीत यंदा ‘सीताहरण’ बसवायचं ठरलं आणि जटायू कोण करणार हा प्रश्न आला, तेव्हा सेक्रेटरी देवरे म्हणाले, "उंचावर बसायची सवय इथे फक्त अप्पांना आहे." सगळे हसले. अप्पा मात्र गंभीरपणे उठून उभे राहिले.

"मी करतो," ते म्हणाले. "जटायू आमच्या गावचा हाय."

ते खरं आहे. अप्पांचं गाव घोटीच्या पुढे, टाकेदजवळ. रावणाने पंख तोडल्यावर जटायू तिथे पडला असं सगळा परिसर मानतो, देऊळही आहे. अप्पांच्या गावात जटायूचा विषय निघाला की माणसं असं बोलतात, जणू बांधाच्या भांडणात त्यांचा सख्खा चुलता गेला. (आम्ही नाशिककरही काही कमी नाही. सीताहरण जिथे झालं तिथे जायला सिटी बस मिळते, त्यामुळे रामायणात कुणी चूक केलेली आम्हाला चालत नाही.) अप्पांनी त्याच दिवशी गावी फोन लावला. त्यांची थोरली बहीण, गंगूआत्या, जीप करून नातेवाइकांसह येणार असं ठरलं.

आता पोशाख हवा होता. भाड्याच्या दुकानात राम होता, रावण होता, मोर होता, शाळेच्या गॅदरिंगमधला कोंबडाही होता. जटायू नव्हता.

"कोंबडाच घेऊ. तुरा कापू," देवरे म्हणाले.

अप्पांचा चेहरा असा झाला की मला राहवलं नाही. "मी एआयकडून जटायूचं चित्र काढून घेते," मी म्हणाले. "त्यावरून शिवून घेऊ." हे वाक्य मी ज्या आत्मविश्वासाने बोलले, तो आत्मविश्वास नंतर मला परत भेटलेला नाही.

त्या रविवारी मी, अप्पा आणि सासूबाई सोफ्यावर मोबाइल घेऊन बसलो. मी टाइप केलं, ‘रामायणातला जटायू काढ.’ काही क्षणांत चित्र हजर. आम्ही तिघंही थक्क झालो. आभाळात सोनेरी ढग, खाली दंडकारण्य, आणि मध्ये एक देखणा पक्षी. आजही सांगते, ती करामत बघून माझे हात जोडले गेले होते.

"याला पाय चार हायेत," अप्पा म्हणाले.

होते खरे. पुढे दोन पंजे, मागे दोन, आणि शिवाय एक शेपूट, तीही म्हशीसारखी. मी लिहिलं, ‘पाय दोनच हवेत.’ उत्तर आलं, ‘नक्कीच! आता पाय दोनच आहेत.’ पाय दोनच होते. पण त्या दोन पायांत कोल्हापुरी चपला होत्या.

‘चपला काढ,’ मी लिहिलं. चपला निघाल्या, पण डोकी दोन झाली. एक डोकं काढायला सांगितलं, तर उरलेल्या डोक्याला कान आले.

"पक्ष्याला कान कशाला?" सासूबाईंनी विचारलं.

"रामनाम ऐकायला असतील," अप्पा म्हणाले. मला वाटतं, एव्हाना त्यांना त्या पक्ष्याची दया येऊ लागली होती.

मग एकात तो पोपटासारखा हिरवा झाला, एकात त्याने स्वतःच हातात गदा घेतली, आणि एकात तर तो रावणाच्या शेजारी हसत उभा होता, लग्नाच्या फोटोत उभं राहावं तसा. दर वेळी ते नम्रपणे म्हणायचं, ‘तुमचं म्हणणं अगदी बरोबर आहे.’ आमच्या घरात हे वाक्य मी लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच ऐकत होते, त्यामुळे मला राग येईना.

शेवटी एक चित्र असं आलं की आम्ही तिघंही मोबाइलवर वाकलो. पाय दोन, डोकं एक, चोच बाकदार, आणि डोळ्यांत अशी करुणा की सासूबाईंनी नकळत पदर सावरला. पंखांचा तर नुसता डोंब उसळला होता, सोनेरी, तांबूस, मागे उंच फडफडणारा. "हाच," अप्पा हलक्या आवाजात म्हणाले. "आमच्या देवळात जावं तर असंच वाटतं." मी ते चित्र ताबडतोब पुढे पाठवून दिलं. ते पंख मोजायचं कुणाला सुचलंच नाही.

भद्रकालीत नाटकांचे कपडे शिवणारे रफिकभाई आहेत. त्यांच्याकडे काम दिलं. आठवड्याभराने त्यांचा फोन आला, तेव्हा मी नेमकी वर्गात होते आणि मागच्या बाकावर मारामारी चालली होती.

"मॅडम, तो बीचवाला पंख हलता ठेवू की फिक्स?"

पंख म्हटल्यावर तो हललाच पाहिजे, एवढाच शास्त्रशुद्ध विचार करून मी म्हणाले, "हलता ठेवा."

"मग आत तार टाकावी लागेल. मजबूत."

"टाका," मी म्हणाले आणि फोन ठेवला.

रामनवमीला दुपारी पोशाख घरी आला. काम इतकं सुरेख होतं की शब्द नाहीत. एकेक पीस वेगळं शिवलेलं, कडांना जर. अप्पांनी अंगात घातला आणि आरशासमोर उभे राहिले. डावीकडे एक पंख, उजवीकडे एक पंख, आणि पाठीच्या बरोबर मधून, डोक्याच्या वर हातभर, तिसरा. अप्पांनी श्वास घेतला की तो डुलायचा.

मी मोबाइलवर चित्र उघडलं. तीन. स्पष्ट तीन.

रफिकभाईंना फोन लावला. "मॅडम, फोटोत होता तसाच केला," ते म्हणाले. "तो काढू नका हां. बाकीचे दोन त्याच्याच तारेवर लटकलेत. तो काढला तर सगळं खाली येईल."

खाली गंगूआत्यांची जीप येऊन उभी राहिली होती. मला रडूच यायला लागलं. टाकेदची माणसं इतक्या लांबून आपला जटायू बघायला आलेली, आणि त्यांच्यापुढे मी हा तीन पात्यांचा पंखा उभा करणार होते. "अप्पा, नका जाऊ," मी म्हणाले. "सांगू तब्येत बिघडली."

अप्पांनी आरशात एकदा मान वळवून पाहिलं. "भर पावसात खांबावर चढलोय मी," ते म्हणाले. "हे काय त्याच्याहून अवघड नाय."

नाटक सुरू झालं. देवरे रावण होते. दुसऱ्या मजल्यावरच्या वैद्य मॅडम सीता. जटायू आला तेव्हा लोकांत कुजबुज झाली, पण अप्पांचा आवाज असा लागला की सगळे शांत बसले. "थांब रावणा! म्हातारा असलो तरी जिवंत हाय मी!" पार्किंगच्या खांबांनाही ते ऐकू गेलं असावं.

युद्ध झालं. ठरल्याप्रमाणे देवऱ्यांनी पुठ्ठ्याच्या तलवारीने डावा पंख उडवला, मग उजवा. ते दोन्ही तारेला नुसत्या चिकटपट्टीने लावलेले होते, छान गळून पडले. अप्पा पालथे कोसळले. रावण सीतेला ओढत निघाला. सगळीकडे शांतता. आणि त्या शांततेत अप्पांच्या पाठीवर तिसरा पंख ताठ उभा, डौलाने मागेपुढे डुलत होता.

पहिल्या रांगेतून सासूबाईंचा आवाज आला. "अहो देवरे, एक राहिला."

त्यांना खरोखर मदतच करायची होती. पण पार्किंग हशाने दणाणलं. देवरे गोंधळले, सीतेला तिथेच सोडून परत आले आणि त्यांनी पंखावर वार केला. तार मजबूत होती. तलवार वाकली. दुसरा वार केला, तलवारीचे दोन तुकडे झाले आणि पंख झोका घेऊन देवऱ्यांच्याच थोबाडीत बसला. त्यांच्या नऊ कृत्रिम डोक्यांपैकी तीन सीतेच्या पायाशी जाऊन पडली. लोक खुर्च्या धरून हसत होते. मी चेहरा ओढणीत लपवला होता.

तेवढ्यात अप्पांनी मान उचलली.

"रावणा," ते म्हणाले, अगदी सावकाश. "दोन पंख माझे होते. ते तू तोडलेस. हा तिसरा माझा नाय. हा रामाच्या कामाला वाहिलाय. हा तुझ्या बापाच्यानं तुटायचा नाय."

हसणं थांबलं, कुणीतरी नळ बंद करावा तसं. देवऱ्यांच्या हातातली तलवारीची मूठ आपोआप खाली गेली. ते दोन पावलं मागे सरकले, आणि मला वाटतं ते नाटकातलं नव्हतं. मग राम आला, त्याने अप्पांचं डोकं मांडीवर घेतलं. पंखाने त्याचा मुकुट तिरपा केला. मरता मरता अप्पांनी हात वर करून तो हळूच सरळ केला, आणि डोळे मिटले. टाळ्या किती वेळ चालल्या ते मला सांगता येणार नाही. मीही रडत होते, फक्त आता कारण वेगळं होतं.

नंतर गंगूआत्या आल्या. त्यांनी अप्पांच्या गालावरून दोन्ही हात फिरवून बोटं मोडली, तिसऱ्या पंखाला हात लावून नमस्कार केला, आणि म्हणाल्या, "एवढी वर्षं देवळात जातो आम्ही, पण हे कुणी सांगितलं नव्हतं बाई. लय मोठी गोष्ट दाखवली. सुचली कुणाला?"

अप्पांनी माझ्याकडे बोट दाखवलं. "सूनबाईला."

"काय करते सून?" माझ्याकडे कौतुकाने बघत गंगूआत्यांनी विचारलं. "देवाधर्माचा अभ्यास हाय वाटतं?"

"नाही," सासूबाई म्हणाल्या. "शाळेत गणित शिकवते."